जुनी विद्युत मोटार घेताना : बॅटरीची झीज आणि गाडीचे मोल

गेल्या पाच-सहा वर्षांत विजेवर चालणाऱ्या मोटारी आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या आणि आता त्याच गाड्या सेकंड हँड बाजारात येऊ लागल्या आहेत. आपल्या सभासदांपैकी अनेकजण भविष्य निर्वाह निधीतून अथवा पतपेढीचे कर्ज काढून आयुष्यातील पहिली चारचाकी घेतात आणि ती बहुधा जुनीच असते. पेट्रोलची जुनी गाडी पारखणारा मेकॅनिक प्रत्येक वस्तीत सापडतो. आवाज ऐकून, धूर पाहून तो इंजिनाची अवस्था सांगतो. विजेच्या गाडीला ना धूर, ना आवाज. तिच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या बॅटरीत असतो ती गाडीच्या तळाशी बंद पेटीत असते. तेव्हा ती पारखायची कशी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम विज्ञानाचा थोडा भाग, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज करताना लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे, म्हणजे ग्रॅफाइटकडे जातात आणि गाडी चालताना परत येतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचतो. त्या थरात थोडे लिथियम कायमचे अडकते. जेवढे अडकले तेवढी बॅटरीची धारणशक्ती कमी झाली. घरातील पाण्याच्या टाकीत तळाशी गाळ बसावा तसाच हा प्रकार होय. टाकी भरलेली दिसते, पण पाणी कमी मावते.

हा थर गाडी उभी असतानाही वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तो अधिक वेगाने वाढतो. याचा धडा जगाला अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात मिळाला. निसान कंपनीची लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस विक्रीस आली. तिच्या २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवण्याची सोय नव्हती. धारणशक्ती दाखविणाऱ्या तिच्या बारा रेघांपैकी रेघा २०१२ सालीच तेथील मालकांच्या गाड्यांतून नाहीशा होऊ लागल्या. पहिली रेघ जाते तेव्हाच सुमारे १५ टक्के शक्ती गेलेली असते. ओरड झाल्यावर कंपनीला धारणशक्तीची वेगळी हमी द्यावी लागली. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे ही हकीकत आपल्याला परकी वाटू नये. मात्र आपल्याकडे जास्त खपलेल्या टाटा नेक्सॉनसारख्या गाडीत बॅटरी द्रवाने थंड केली जाते आणि तिचे रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट हे अधिक सोशिक आहे. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये वर्षाला सरासरी १.८ टक्के घट सांगितली होती. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. परंतु सरासरी ही सरासरीच. आपण विकत घेतो ती एकच गाडी असते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याने मुलासाठी गाडी घ्यायचे ठरविले. मुलगा नागपूरहून भंडाऱ्याला नोकरीस जातो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. पैसा होता ग्रॅच्युइटीचा. दोन गाड्या पाहण्यात आल्या, दोन्ही २०२१ च्या, ३०.२ किलोवॅट-तासांच्या बॅटरीच्या. एक ३८ हजार किलोमीटर चाललेली, दुसरी ८२ हजार. साहजिकच विक्रेता पहिलीचे साठ हजार जास्त मागत होता. पडद्यावर शंभर टक्के आकडा दाखवून तो म्हणाला, "बघा काका, बॅटरी फुल आहे." काकाही खूश झाले. आम्हीही क्षणभर फसलो, हे कबूल केले पाहिजे. शंभर टक्के म्हणजे आज टाकीत जेवढे मावते त्याचे शंभर टक्के. टाकी केवढी उरली हे तो आकडा सांगत नाही.

मग आम्ही एक साधा प्रयोग केला. बयाणा ठेवून दोन्ही गाड्या एकेक रात्र घरी आणल्या. या जातीच्या बॅटरीत टक्क्यांचा अंदाज चुकतो, म्हणून आधी एकदा पूर्ण चार्ज केली, मग चालवून २० टक्क्यांवर आणली आणि पंधरा अँपिअरच्या प्लगवर सब-मीटर लावून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज केली. पहिल्या गाडीने मीटरवर १७ युनिट घेतले. चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, म्हणून १७ ला ०.८८ ने गुणले. आले १५. हे बॅटरीच्या ६० टक्के भागाचे, म्हणजे पूर्ण बॅटरी सुमारे २५ युनिटांची. मूळच्या ३०.२ शी ताडून पाहता ८२ टक्के उरलेली. दुसरीने १९ युनिट घेतले. तोच हिशेब केल्यावर ती ९२ टक्के निघाली! हे गणित तंतोतंत नसते. कंपनी थोडी शक्ती राखून ठेवते, मीटरही मागेपुढे असतो, तेव्हा तीन-चार टक्क्यांची चूक धरावी. पण दहा टक्क्यांचा फरक लपत नाही. अधिकृत वर्कशॉपमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवालही मागता येतो, तो अवश्य मागावा. जो विक्रेता एक रात्रही गाडी चार्ज करून पाहू देत नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये असे आमचे मत आहे.

चौकशी केली तेव्हा कळले की पहिली गाडी कित्येक महिने उघड्या पटांगणात, कायम पूर्ण चार्ज करून, विक्रीसाठी उभी होती. दुसरी एका शिक्षकाची, रोज रात्री घरच्या प्लगवर हळू चार्ज होणारी. दुसरी घेतली.

तरीही पहिली गाडी वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. नवी असताना ती रस्त्यावर प्रत्यक्ष दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते. ३१२ हा कागदावरचा आकडा प्रयोगशाळेतला. ८२ टक्क्यांवर तिची मजल १६०-१६५ उरते आणि सव्वाशे किलोमीटरच्या रोजच्या प्रवासाला ती पुरते, जरी पाच वर्षांनंतर पुरेल की नाही ही शंकाच. दोष होता तो किमतीत. साठ हजार कमी सांगितले असते तर विचार करता आला असता. शिवाय जुन्या गाडीची किंमत केवळ झिजेमुळे उतरत नाही. ही गाडी २०२० मध्ये १३.९९ लाखांपासून विकली जात होती. पुढे ४०.५ आणि ४५ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्या आल्या आणि जुन्याचा भाव आपोआप पडला. तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. आपल्यासारख्यांना त्याचा फायदाच आहे.

हमीची तारीख मात्र काटेकोर पाहावी. या गाडीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातील जे आधी होईल तेवढी हमी होती. २०२१ ची गाडी म्हणजे २०२९ पर्यंत. महिन्याला चार हजार किलोमीटर धावणारी भाड्याची गाडी ही मर्यादा चाळीस महिन्यांतच ओलांडते, म्हणून टॅक्सीसाठी जुनी गाडी घेणाऱ्या तरुणांनी वर्षांपेक्षा किलोमीटर मोजावेत. किती टक्क्यांखाली धारणशक्ती गेल्यास बॅटरी दुरुस्त करून मिळेल, हे हमीपुस्तिकेत शोधावे. तोंडी आश्वासन घेऊ नये. २०२५ पासून काही नव्या गाड्यांना मिळणारी 'आजीवन' हमी पहिल्या मालकासाठी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कागदपत्रे नेहमीचीच : हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ वर बँकेची सही, गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतील असल्यास नमुना २८. कराबाबत गैरसमज फार आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील जीएसटी परिषदेने जुन्या विद्युत गाड्यांवरील दर १२ वरून १८ टक्के करण्याचे ठरविले. पण हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. त्याने साडेपाच लाखांना घेतलेली गाडी सहा लाखांना विकली तर पन्नास हजारांवर, म्हणजे नऊ हजार. दोन खाजगी व्यक्तींच्या व्यवहाराला तो लागत नाही. पावतीत सहा लाखांवर कर लावलेला दिसला तर सही करण्यापूर्वी हिशेब मागावा.