दुभाष्याची शब्दसूची कशी तयार होते?

न्हावा शेवा बंदरात चीनमधून येणारा माल उतरतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत. त्यामुळे नवी मुंबईत इंग्रजी-चिनी दुभाष्याला नुसते बोलता येऊन भागत नाही. धंद्याचे शब्द चोख हवेत.

शब्दकोश पाठ करण्यापेक्षा आकड्यांचा आधार घेणे सोपे. १९८८पासून लागू असलेल्या एचएस या आंतरराष्ट्रीय माल-वर्गीकरण पद्धतीत मालाच्या वर्ग-क्रमांकाचे पहिले सहा अंक भारतात आणि चीनमध्ये सारखेच असतात. ८५०७.६० म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. भारताचे इंग्रजी आणि चीनचे चिनी कस्टम्स दरपत्रक याच आकड्यावर उघडून शेजारी ठेवले की अधिकृत नावांची जोडी हाती येते. रसायनांसाठी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक, हेच काम करतो. अ‍ॅसिटोनचा क्रमांक ६७-६४-१.

चिनी रसायननावांना शिस्तही आहे. ‘च्या’ म्हणजे एक कार्बन, ‘यी’ म्हणजे दोन, ‘पिंग’ म्हणजे तीन; ‘छुन’ म्हणजे अल्कोहोल. म्हणून मिथेनॉल ‘च्या-छुन’ आणि इथेनॉल ‘यी-छुन’. मिथेनॉल पोटात गेले तर जीवघेणे ठरते, तेव्हा इथे एका अक्षराची चूकही परवडत नाही. दहा कार्बनपर्यंतची दहा चिन्हे पाठ केली की शेकडो नावे उलगडतात.

प्रत्येक नोंदीत इंग्रजी शब्द, चिनी लिपी, उच्चार, क्रमांक आणि कागदपत्रातले एक खरे वाक्य लिहा. रोज थोडी भर घाला आणि शंका असलेला शब्द जाणकाराला विचारल्याशिवाय वापरू नका.