पावसाचं भाडं, पावसाचा खर्च

भुशी धरण बांधलं गेलं ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. आज त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागलं की लोणावळ्यातल्या बंगल्यांचे शनिवार-रविवार आधीच भरून जातात. म्हणूनच पुण्या-मुंबईतली अनेक कुटुंबं इथे दुसरं घर घेतात. चार दिवस स्वतः राहायचं, उरलेले दिवस भाड्याने द्यायचं. पण ज्या पावसामुळे गिऱ्हाईक येतं, त्याच पावसाचा खर्च मात्र हिशेबात क्वचितच धरलेला असतो.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ओल धरलेल्या भिंती, फुगलेली दारं, गंजलेली ग्रिल हा सगळा भुर्दंड मालकाचाच. झीज आणि वर्षानुवर्षं मुरणारी गळती विम्यात बसत नाही. विमा असतो तो अचानक कोसळणाऱ्या संकटासाठी. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ पुढे लोणावळ्याच्या मावळ तालुक्यातही घरांचे पत्रे उडवून गेलं. अशा वेळी पॉलिसी उपयोगी पडते.

विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे धोके तिच्यात येतात. त्यातल्या एखाद्या संकटामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. गिऱ्हाईक न मिळाल्याने बुडालेलं भाडं मात्र त्यात येत नाही.

विमा उतरवायचा तो बांधकामाच्या खर्चाचा, बाजारभावाचा नव्हे. जमीन जळत नाही. समजा, हजार चौरस फुटांचं घर पुन्हा बांधायला फुटाला अडीच हजार रुपये लागणार असतील, तर विम्याची रक्कम 25 लाख. घराची किंमत कोटभर असली तरी तेवढीच. सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं.

डोंगरउतारावरच्या बंगल्यांसाठी दरडीचं कलम नीट वाचायला हवं. दरड कोसळली तर भरपाई आहे. पण भराव टाकून सपाट केलेली जमीन खचली किंवा बांधकामच सदोष होतं, तर कंपनी हात वर करू शकते. चोरीचंही तसंच आहे. मूळ पॉलिसीत चोरी येते ती विम्यात धरलेल्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेलीच. आठवडाभर कुलूपबंद राहणाऱ्या घराला घरफोडीचा विमा वेगळा घ्यायला हवा.

खरी मेख पुढे आहे. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. कुटुंबाला अकरा महिन्यांच्या कराराने दिलेलं घर ही एक गोष्ट. तो करार नोंदणीकृत असावा लागतो आणि 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. दर शनिवारी नवी मंडळी येणारा, पोहण्याचा तलाव असलेला बंगला ही अगदी दुसरी गोष्ट. तो व्यवसाय झाला. लोणावळ्यात खासगी बंगल्यांच्या तलावांत लहान मुलं बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथे सार्वजनिक दायित्वाचा विमा हवाच, आणि त्याआधी तलावाला कुंपण आणि जीवरक्षक. गेलेलं मूल कोणत्याही भरपाईने परत येत नाही.

कराचा हिशेबही पाहून ठेवायला हवा. घरभाड्याचं उत्पन्न असेल, तर पालिकेचा कर वजा केल्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्ती, राखणदाराचा पगार, विम्याचा हप्ता सारं त्यातच. गृहकर्जाचं व्याज तेवढं वेगळं. राहत्या घराचं भाडं व्यवसाय म्हणून दाखवून प्रत्यक्ष खर्च मांडायची वाट 2024च्या वित्त कायद्याने बंद केली.

तेव्हा हप्ता भरण्याआधी घर कोणाला, किती दिवसांसाठी आणि कशासाठी देणार हे विमा कंपनीला लेखी कळवा, आणि तिचं उत्तरही लेखीच घ्या.