पडद्यावरचं हसू (भाग ६) : विहीर चोरीला गेली

पेरणी आटोपली आणि पाऊस दडी मारून बसला की कामरगावच्या पानटपरीवर जी बोलणी चालतात, ती कुणी लिहून घेतली तर अर्धी पटकथा हाती येईल. "पाऊस येते म्हनून सांगतलं ना बे त्यायनं." "सांगतलं, पन कोन्या साली येते थे नाई सांगतलं." बोलणारा हसत नाही. ऐकणारेही तंबाखू मळत बसतात. दुबार पेरणीचं बियाणं कुणाकडून उधार आणायचं, हा हिशेब त्याच वेळी डोक्यात चालू असतो.

गेल्या भागात आपण दादा कोंडक्यांबद्दल बोललो. तिथे नायकाला पक्कं ठाऊक असतं की आपण हसवतो आहोत. आजच्या भागातल्या चित्रपटांत नेमकं उलटं आहे. पात्र मेटाकुटीला आलेलं असतं. हसू फुटतं ते पाहणाऱ्याला, तेही जरा चोरटं.

मकरंद अनासपुरे यांचा 'जाऊ तिथे खाऊ' आठवा. योजनेतली विहीर मंजूर होते, ज्याचा त्याचा वाटा देता देता पैसा संपतो आणि विहीर कागदावरच राहते. मग हा गडी विहीर चोरीला गेल्याची तक्रार करतो. यातली मेख अशी की तो कागदाला खोटं म्हणतच नाही. खोटं म्हटलं असतं तर चौकशी लागली असती, आणि चौकशी करणारे पुन्हा तेच. तो कागद शंभर टक्के खरा धरतो. सह्या आहेत, शिक्के आहेत, म्हणजे विहीर झालीच होती. आता दिसत नाही, म्हणजे कुणीतरी नेली! श्याम बेनेगल यांनीही 'वेल डन अब्बा'मध्ये चोरीला गेलेल्या विहिरीवरच अख्खा चित्रपट उभा केला.

'गाभ्रीचा पाऊस' (२००९) तर आपल्याच मुलखाचा. सतीश मनवर यांनी तो विदर्भातल्या कापूसवाल्याच्या घरात घडवला आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला. अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती बसते की आता आपला किसनाही तसंच करणार. ती सासूला सावध करते, पोराला बापाच्या मागावर सोडते, नवऱ्याला चांगलंचुंगलं करून घालते. किसनाला (गिरीश कुलकर्णी) यातलं काहीच ठाऊक नाही. एकाएकी एवढी बडदास्त का, आणि हे पोरगं पाठ का सोडत नाही, म्हणून तो चक्रावतो. आपण हसतो आणि लगेच जाणवतं, अलकाचं तरी काय चुकलं? कर्ज, कोरडं आभाळ, शेजारचं प्रेत, सगळं खरंच आहे. पुढच्याच वर्षी अनुषा रिझवींचा 'पीपली लाइव्ह' आला. तिथे नत्थाच्या अंगणात कॅमेऱ्यांची जत्रा भरते आणि हसू त्या जत्रेवर निघतं. मला मनवरांची वाट अधिक अवघड वाटते. बाहेरच्या माणसाला हसणं सोपं. इथे हसू घरातल्याच माणसाच्या काळजीतून काढायचं आहे.

'देऊळ'बद्दल (२०११) मात्र आपल्या तालुक्यात जरा जपून बोलावं लागतं. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, दत्तभक्ती इथल्या घराघरात. आणि उमेश कुलकर्णींच्या या चित्रपटात गाय शोधायला गेलेल्या केशाला दर्शन होतं ते दत्ताचंच. पण चित्रपट केशाच्या श्रद्धेला कुठेच हसत नाही. हसतो तो त्यानंतरच्या बैठकांना. गावासाठी दवाखान्याची आखणी झालेली असते. ती मागे पडते आणि देवळाचं घोडं पुढे दामटलं जातं. नाना पाटेकरांचे भाऊ हे काही खलनायक नव्हेत, प्रत्येक गावात असतात तसे सोयीनं भाविक झालेले पुढारी. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारातला वाटा 'देऊळ'ला मिळाला.

या जातीच्या चित्रपटांचा घात बहुतेक वेळा शेवटच्या वीस मिनिटांत होतो. दीड तास हसवून झालं की दिग्दर्शकाला धास्ती वाटते, मुद्दा पोचला नसला तर? मग नायक चावडीवर उभा राहून भाषण ठोकतो. विहीर चोरीला गेल्याची तक्रार ऐकलेल्या प्रेक्षकाला भ्रष्टाचारावरचं भाषण कशाला हवं?

पुढच्या भागात 'निशाणी डावा अंगठा'. बुलडाण्याच्या रमेश इंगळे उत्रादकरांची कादंबरी, साक्षरता अभियानात भरडल्या गेलेल्या मास्तरांची. पुरुषोत्तम बेर्डे यांनी तिच्यावर चित्रपट केला. जमलं तर कादंबरी आधी वाचून ठेवा. कामरगावातल्या शिक्षक मंडळींनी तर नक्कीच.