वाशीमचा आकडा

मोठी संख्या समोर आली कीं आपण ती वाचतों आणि पुढें जातों. ती उलगडून पाहण्याची बुद्धि क्वचितच होते. वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ज्याचें मुख्य ठिकाण आहे त्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत ११,९७,१६० भरली. एखाद्या रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील मुलांना पाटी देऊन जवळ बसवावें आणि याच संख्येची परीक्षा करावी.

शेवटचें शून्य काढलें कीं १,१९,७१६ उरतात. त्यांचें वर्गमूळ काढूं जातां बरोबर ३४६ येतें, बाकी कांहीं राहत नाहीं! म्हणजे जिल्ह्यांतील सर्व माणसें दहा चौरसांत, दर चौरसांत ३४६ रांगा आणि दर रांगेंत ३४६ जण, अशीं उभीं केलीं तर एकहि माणूस उरणार नाहीं. ३४६ ही १७३ ची दुप्पट, आणि १७३ ही मूळ संख्या. तेव्हां आपल्या संख्येचे मूळ अवयव २, २, २, ५, १७३, १७३ एवढेच. १७३ चा वर्ग २९,९२९. संख्येचे भाजक २४ असून, ती स्वतः सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज १५,१२,११० होते. बेरीज संख्येहून मोठी, म्हणून ही संख्या 'विपुल' वर्गांतली.

नाशिकजवळील देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या दोन कसोट्याहि लावून पाहूं. आपल्या अंकांच्या बेरजेनें जिला निःशेष भाग जातो ती 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. येथें अंकांची बेरीज २५; भाग जात नाहीं. कोणत्याहि संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी उत्पन्न होत नाहीं ती 'स्वयंभू', अथवा त्यांच्या गांवावरून देवळाली संख्या. परंतु ११,९७,१३४ मध्यें तिच्या अंकांची बेरीज २६ मिळवितांच आपली संख्या येते. सारांश, ती विपुल आहे. हर्षद नाहीं, स्वयंभूहि नाहीं.

हें सर्व मनोरंजक खरें. पण जिल्ह्यांत एक मूल अधिक जन्मतें तर ते दहा चौरस मोडले असते. हे गुण संख्येचे, माणसांचे नव्हेत. माणसांचा गुण पाहावयाचा असेल तर बेरजेच्या दोन रकमा पाहाव्या: पुरुष ६,२०,३०२ आणि स्त्रिया ५,७६,८५८. हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें ९३०. येथें वर्गमूळ नको, अवयव नकोत; प्राथमिक शाळेंतील मुलास येणारी वजाबाकी पुरे. उत्तर ४३,४४४.

ही वजाबाकीहि मुलांकडून त्याच पाटीवर करवून घ्यावी. त्यानंतर एखादी नात वर पाहून "असें कां?" म्हणून विचारील. त्या प्रश्नाचें उत्तर मात्र पाटीवर नाहीं. तें घरांतील वडील मंडळींनींच द्यावयाचें आहे.