मागचा खटला आणि परिचारिकेची नोंदणी

बांधावरून भांडण होते, काठ्या निघतात आणि फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावे पडतात. त्यांत बारावीच्या मुलीचेही. पुढे त्या मुलीला नर्सिंगला जायचे असते. मग कोणीतरी सांगते, “पोलिसांत नाव आहे, आता कसली नर्स होतेस!” मुलगी घरी बसते. कायदा खरोखर असे म्हणतो काय, ते आज पाहू.

परिचारिकेला नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल व्हावे लागते. १९४७ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणाची पातळी ठरवण्याची व्यवस्था केली. आपल्या राज्याचा परिचारिका कायदा १९६६ चा. २०२३ साली संसदेने या क्षेत्रासाठी नवा कायदाही मंजूर केला. नोंदणी करताना वर्तणूक का पाहतात? कारण उघड आहे. रात्री बेशुद्ध रोगी, त्याचे दागिने, मॉर्फिनसारखी औषधे, सारे परिचारिकेच्या स्वाधीन असते.

आता पहिली गोष्ट. फिर्याद म्हणजे शिक्षा नव्हे. कोर्टाने दोषी ठरवीपर्यंत कायद्याच्या दृष्टीने माणूस गुन्हेगार नसतो.

दुसरी गोष्ट वयाची. गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षे पुरी झाली नसतील, तर बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. त्याचे कलम २४ सांगते की, अशा मुलाला त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही. प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती माहिती उघड करायची नाही, असेही तो कायदा सांगतो. मात्र सोळा वर्षांवरील मुलाला अति गंभीर गुन्ह्यात प्रौढ समजून बाल न्यायालयाने दोषी ठरवले, तर कलम २४ चे संरक्षण मिळत नाही.

तिसरी गोष्ट १९५८ च्या परिवीक्षा कायद्याची. काही गुन्ह्यांत कोर्ट तुरुंगात न धाडता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडते. अशा माणसाला, कलम १२ प्रमाणे, दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण हे नीट ध्यानात घ्या : दोष पुसला जात नाही, आणि हमी मोडून पुढे त्याच गुन्ह्यासाठी शिक्षा झाली तर ही सवलतही जाते.

राहिली ती प्रत्यक्ष शिक्षा झालेली माणसे. इथे गुन्हा कोणता, हे पाहिले जाते. अशा व्यवसायांच्या कायद्यांत ‘नैतिक अधःपात’ हा शब्द वारंवार येतो. चोरी, फसवणूक, खोटे कागद हे त्यात धरले जातात. रागाच्या भरात झालेल्या किरकोळ झटापटीकडे सहसा तसे पाहिले जात नाही. निर्णय प्रकरणागणिक होतो. आगाऊ खात्री कोणी देऊ शकत नाही.

सर्वांत मोठा घात होतो तो लपवण्याने. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात, नोकरीच्या संदर्भात, सांगितले की विचारलेली माहिती खरी द्यावी. तरुणपणातल्या क्षुल्लक गुन्ह्याकडे कानाडोळा करता येतो. खरे सांगितल्यावरही मालक योग्यायोग्य ठरवू शकतो. पण महत्त्वाची गोष्ट दडवली, तर केवळ त्याच कारणाने नोकरी जाऊ शकते. परिषदेचा अर्ज भरतानाही हाच धडा घ्यावा. प्रश्न नीट वाचावा. ‘शिक्षा झाली आहे काय’ आणि ‘खटला चालू आहे काय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर द्यावे, आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोडावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचे काम आहे. अशी मुलगी शाळेत आली तर तर्क न लढवता तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो. आधी निकालाचा कागद हाती येऊ द्या, वकिलाला तो वाचू द्या. फी भरण्यापूर्वी, प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेकडे लेखी विचारणा करा, म्हणजे तीन वर्षांचे शिक्षण आणि बापाने काढलेले कर्ज वाया जाण्याची पाळी येणार नाही. आणि नुसत्या ऐकीव गोष्टीवर एखादी चांगली परिचारिका घरीही बसणार नाही.