गुरूला लिहिलेली पत्रे : प्राध्यापक सेर्गेई तानेयेव

वडीलधाऱ्यांची चूक त्यांच्या तोंडावर दाखविणे कठीण असते. ती पत्रातून लिहून कळविणे त्याहून कठीण. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला कागदावर राहतो. इ.स. 1878 च्या वसंतात मॉस्कोतील एकवीस वर्षांच्या एका तरुणाने असे एक पत्र आपल्या गुरूला लिहिले. गुरू होते रशियाचे विख्यात संगीतकार प्योत्र चायकोव्हस्की आणि शिष्य सेर्गेई तानेयेव.

चायकोव्हस्कींची चौथी सिम्फनी नुकतीच मॉस्कोत प्रथम वाजविली गेली होती. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी, बहुधा चार भागांत रचलेली कृती. गुरू त्या वेळी परदेशात होते. आपली रचना कशी उतरली हे जाणण्याची त्यांना उत्कंठा होती. तानेयेव यांनी रचनेतील आवडलेल्या गोष्टी सांगितल्याच. पण पहिला भाग इतरांच्या मानाने फारच लांबला आहे, जणू ती एक स्वतंत्र कृती असून उरलेले तीन भाग तिला मागाहून जोडले आहेत, असेही लिहिले. शिवाय प्रत्येक भागात कोठे ना कोठे नृत्यनाट्याच्या संगीताची छटा येते, ती आपल्याला खटकते, हेही लपविले नाही.

चायकोव्हस्की स्वभावाने अतिशय हळवे होते. त्यांनी उत्तरात आपली बाजू मांडली. नृत्याची छटा असणे हा दोष कसा, असा त्यांचा प्रश्न होता; या रचनेत मनापासून न जाणवलेली एकही ओळ नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. मात्र शिष्याशी असलेला स्नेह तुटला नाही. याच सिम्फनीचे पियानोवर चार हातांनी वाजविण्याजोगे रूपांतर तानेयेव यांनीच केले, हे विशेष. जे खटकले ते सांगायचे आणि जे हाती घेतले ते निष्ठेने पार पाडायचे, असा हा माणूस होता.

तानेयेव यांचा जन्म 1856 साली व्लादिमीर या गावी झाला. दहा वर्षांचे होण्याआधीच ते मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. 1875 मध्ये वादन व रचना या दोन्ही विषयांत सुवर्णपदक घेऊन ते बाहेर पडले. त्या संस्थेत असा मान मिळविणारे ते पहिलेच. त्याच वर्षाच्या अखेरीस चायकोव्हस्कींचा पहिला पियानो कन्चेर्टो मॉस्कोत प्रथम सादर झाला तेव्हा पियानोवर तानेयेव होते. पुढे 1878 मध्ये चायकोव्हस्कींनी महाविद्यालयातील नोकरी सोडली आणि त्यांचे अध्यापनाचे काम या शिष्याकडे आले. 1885 ते 1889 या काळात ते संस्थेचे संचालकही होते, पण खुर्चीची त्यांना हौस नव्हती.

त्यांची खरी आवड काउंटरपॉइंट या शास्त्रात होती. दोन किंवा अधिक स्वतंत्र स्वररेषा एकाच वेळी चालवायच्या, तरीही त्यांनी एकमेकींशी जुळवून घ्यायचे, अशी ही विद्या. हिशेबी मनाच्या माणसाला तिचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. रशियन लोकगीतांना या शास्त्राची शिस्त लावली तर देशाचे स्वतंत्र संगीत उभे राहील, असे तानेयेव यांना वाटे. 1880 च्या सुमारास या विषयावरही गुरुशिष्यांत पत्रांतून वाद झाला. चायकोव्हस्कींना हा मार्ग पटला नाही. तानेयेव यांनी मात्र जवळजवळ वीस वर्षे खपून या शास्त्रावरचा आपला ग्रंथ सिद्ध केला व तो 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या रचनांतही त्यांची हीच संथ, कसोशीची रीत होती. त्यामुळे त्यांचे संगीत बुद्धीचे, हृदयाचे नव्हे, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. ‘दमास्कसचा जॉन’ ही त्यांची समूहगायनाची रचना ऐकणाऱ्याला तो आक्षेप टिकाऊ वाटणार नाही.

स्पष्टोक्तीची किंमतही कधी कधी द्यावी लागते. 1891 मध्ये चायकोव्हस्कींनी ‘व्होयेवोदा’ ही नवी रचना मॉस्कोत सादर केली. स्वतः त्यांनाही ती उणी वाटत होती, त्यात तानेयेव यांचे मत प्रतिकूल पडले. चायकोव्हस्कींनी मूळ लेखी प्रत नष्ट केली. सुदैवाने वादकांचे सुटे कागद अलेक्सांद्र सिलोती यांनी जपून ठेवले होते. त्यांवरून गुरूच्या निधनानंतर रचना पुन्हा जुळविता आली. आपला निवाडा चुकला होता, असे तानेयेव यांना पुढे वाटू लागले. पण ते सांगावे तर ऐकणारा उरला नव्हता. चायकोव्हस्की 1893 मध्येच गेले होते. त्यांच्या मागे अपुऱ्या राहिलेल्या काही रचना तानेयेव यांनीच पूर्ण केल्या.

राहणी अत्यंत साधी. विवाह केला नाही. लहानपणी सांभाळणाऱ्या दाई पेलागेया वासिल्येव्ना यांनीच त्यांचे घर पाहिले. मद्याला त्यांचा विरोध होता. टॉलस्टॉय यांच्या यास्नाया पोल्याना येथे त्यांनी 1895 व 1896 चे उन्हाळे घालविले. तेथे बुद्धिबळाचे डाव रंगत. चिमुकला मुलगा गमावलेल्या टॉलस्टॉयपत्नी सोफिया यांना तानेयेव यांच्या पियानोने मोठा आधार दिला.

रख्मानिनॉव व स्क्र्याबिन हे त्यांचेच विद्यार्थी. खासगी शिकवणीचे मोल त्यांनी घेतले नाही. 1905 मध्ये विद्यार्थ्यांना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी महाविद्यालयाचा राजीनामा दिला. पगार थांबला, शिकविणे थांबले नाही. दुसऱ्याच वर्षी सामान्य जनांसाठी निघालेल्या संगीतशाळेच्या स्थापनेत ते सहभागी झाले.

एप्रिल 1915 मध्ये स्क्र्याबिन त्रेचाळीसाव्या वर्षी वारले. शिष्याच्या अंत्ययात्रेत तानेयेव यांना थंडी बाधली, प्रकृती ढासळत गेली आणि त्याच वर्षी जूनमध्ये दुदकोवो या खेड्यात त्यांचे निधन झाले. त्यांची दप्तरे आज क्लिन या गावी, चायकोव्हस्कींच्या घरातील संग्रहालयात, गुरूच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेली आहेत.