इंजिनाच्या पोटातील द्रव

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने चौथा ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो आणि बराचसा सिलिंडरांच्या भिंतींत उतरतो. तो वेळच्या वेळी काढून नेला नाही तर वंगण जळून पिस्टन जागच्या जागी आवळून बसेल, म्हणून सिलिंडरांभोवती ओतकामातच पोकळ्या ठेवून त्यांतून द्रव खेळवण्याची तजवीज केलेली असते. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीत पाणी नुसते उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई आणि वरचेवर भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर रचला, तेव्हा अवघ्या ९ लिटर पाण्यावर ३५ अश्वशक्तीचे इंजिन थंड राहू लागले.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, दुरुस्तीसाठी इंजिन गाडीतून उतरवण्यापूर्वी जो द्रव काढायचा असतो तो एका टाकीत साठलेला नसून रेडिएटर, होज पाईप, हीटर, हेड आणि ब्लॉक अशा लहानमोठ्या दालनांतून पसरलेला असतो. रेडिएटरची तोटी उघडली, घमेले भरले, धार थांबली, की काम झाले असे नवशिक्याला वाटते. पण ब्लॉकमधील पोकळ्यांचा तळ पंपाच्या तोंडापेक्षा बराच खाली असतो, आणि त्या पातळीखालचा द्रव रेडिएटरच्या वाटेने बाहेर येणे शक्यच नसते. याच कारणासाठी ब्लॉकच्या कुशीला वेगळी तोटी किंवा आट्यांचे बूच दिलेले असते. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसिडर गाडीच्या जुन्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनावरही अशी तोटी असे, आणि जाणता मिस्त्री तिच्याकडे कधी दुर्लक्ष करीत नसे.

जुन्या गाडीत हे बूच काढावे आणि एक थेंबही गळू नये, असे पुष्कळदा घडते. द्रव आत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. पोकळीच्या तळाशी प्रवाह सर्वांत मंद, म्हणून लोखंडाचा गंज आणि जड पाण्यातून तापल्यामुळे सुटलेला चुना यांचा गाळ नेमका त्याच ठिकाणी बसतो व भोक बुजवून टाकतो. अशा वेळी मिस्त्री ताठ तार घेऊन ती भोकात हलक्या हाताने फिरवतो. प्रथम तांबूस चिखलाचा एखादा गोळा येतो, मग गढूळ धार लागते आणि बऱ्याच वेळाने ती निवळते. त्या चिखलाच्या रंगावरून आणि जाडीवरून मालकाने वर्षानुवर्षे इंजिनात साधे विहिरीचे पाणी ओतले की कारखान्याने सांगितलेला द्रव भरला, याचा बिनचूक दाखला मिळतो.

द्रव तसाच राहू दिला तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. इंजिन चेनपुलीवर उचलताना गिअरबॉक्स मोकळा व्हावा म्हणून बहुधा तिरपे करावे लागते, आणि तळाशी राहिलेला द्रव त्या कलाबरोबर होजच्या उघड्या तोंडातून खाली काम करणाऱ्याच्या अंगावर आणि फरशीवर सांडतो. द्रवातील ग्लायकॉल या गोठणरोधकाने फरशी निसरडी होते, आणि शे-सव्वाशे किलोंचे धूड अधांतरी असताना पाय सटकणे ही लहान बाब नव्हे. याहून वाईट प्रकार हेड उचलताना होतो. ब्लॉकमध्ये काठोकाठ भरलेला द्रव सिलिंडरांत उतरतो, तेथून इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेलात जातो, आणि वेळीच लक्षात आले नाही तर त्याचे दुधाळ मिश्रण बेअरिंगांच्या वाट्याला येते.

द्रव काढण्यापूर्वी इंजिन थंड होण्याची वाट पाहण्यात जराही हयगय चालत नाही. रेडिएटरचे झाकण आतील दाब वातावरणाच्या सुमारे दुपटीपर्यंत चढू देते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही; परंतु झाकण काढताच दाब एकदम उतरतो, द्रवाचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो आणि उकळता फवारा उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. इंजिन थंड झाल्यावर मात्र हेच झाकण काढून ठेवणे अगत्याचे, कारण वरून हवा शिरल्याखेरीज खालची धार मोकळी वाहत नाही. हीटरच्या वाटेवर झडप असेल तर तीही उघडी ठेवावी.

आता त्या द्रवाविषयी. पाण्यात एथिलीन ग्लायकॉल निम्म्या प्रमाणात मिसळले की मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि पाण्यापेक्षा काही अंश उशिराने उकळते. सोबतची गंजरोधक द्रव्ये लोखंड व ॲल्युमिनियम दोघांनाही सांभाळतात. परंतु हे ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी आहे. यकृतातील विकर त्याचे विघटन करते, त्यातून अखेर ऑक्झॅलिक आम्ल तयार होते, आणि कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत साचतात. तेच विकर मद्यार्काकडे आधी वळते, म्हणून रुग्णालयात उतारा म्हणून मद्यार्कही देत आले आहेत. ग्लायकॉलच्याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनमध्ये मिसळले गेल्यामुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते.

एवढे ठाऊक असल्यावर काढलेल्या द्रवाने भरलेले घमेले अंगणात उघडे ठेवणे अथवा गटारात उपडे करणे मला अक्षम्य वाटते. गोड चवीला भुलून कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोड्याशा घोटांनीही त्यांचा जीव जातो. द्रव झाकणाच्या डब्यात भरावा, त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची रिकामी बाटली त्यासाठी कधीही वापरू नये, आणि फरशीवर सांडलेला द्रव लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावा.